एल्दाचा चुकलेला अंदाज

सुलेमाने ताट पुसायला म्हणून उचललं आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई, एल्दा!"

सुलेमाचा नवरा रेमो याला मान वळवून बघायचीही गरज नव्हती. एकोणतीस नोव्हेंबर दोन हजार एक, गुरुवार, भर दुपार, त्याची बहीण एल्दा हिच्या छापखान्यामागचं जेवणघर, टेबलावर बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, न्योकींचं, वाफाळतं भांडं. महिन्याच्या एकोणतीस तारखेला न्योकी खायचे आणि ताटाखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरा जातो, ही चाल गिराउदो घराण्यात आजोबांपासून होती, तशी ती अर्ध्या अर्जेंटिनात होती. बाकीच्यांच्या घरी ताटाखाली दोन पेसोंची चुरगळलेली नोट निघायची. एल्दाच्या ताटाखाली काय निघेल याचा मात्र नेम नसे. पंच्याहत्तर सालच्या मे महिन्यात साखरेच्या पुड्या निघाल्या होत्या, आणि आठवडाभरात साखरेसकट सगळ्याचे भाव दुपटीला गेले. एकोणनव्वदच्या जानेवारीत प्रत्येकाला एकेक खिळा मिळाला. नोटा घालवा, वस्तू घ्या, असा त्याचा अर्थ होता. ज्यांनी ऐकलं त्यांनी त्या वर्षी सिमेंट आणि पत्रे घेऊन ठेवले. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या घरी पुढे नोटांनी चूल पेटली. तेव्हापासून सान अन्सेल्मो गावात एकोणतीस तारखेची दुपार उलटली की कोणी ना कोणी रेमोला हटकायचाच, "काय रे, आज बहिणीच्या ताटाखाली काय होतं?"

रेमोला त्या प्रश्नाचा राग यायचा. गावच्या पतसंस्थेचा तो अठरा वर्षं अध्यक्ष होता, चारशे सभासदांचा पैसा त्याच्या सहीने हलत होता, आणि गाव मात्र भविष्य विचारायचं ते त्याच्या बहिणीला. वडिलांनी छापखाना हिच्या नावे केला तिथपासूनची ही सल होती, आणि ती गेली असं त्याने कधीच म्हटलं नसतं.

त्याने आपलं ताट उचललं. खाली लग्नपत्रिकेसारखी सुबक छापलेली चिठ्ठी होती, भोवती पानांची नक्षी. "या ताटाखाली पन्नास पेसो आहेत. ते आपलेच आहेत. सोमवारी मिळतील."

"हे काय गं? पैसे कुठायत?"

"आहेत की," एल्दा न्योकी वाढता वाढता म्हणाली. अडुसष्ट वर्षांची, सडपातळ, बोटांच्या टोकांना न जाणारी शाई. "तुझेच आहेत. सोमवारी मिळतील."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी म्हणेन, पुढच्या सोमवारी."

रेमोची मुलगी कारिना खळखळून हसली. तिचा भाऊ दारिओ हसला नाही. तो रोसारिओहून मुद्दाम जेवायला आला होता. तिथल्या एका सल्लागार कंपनीत देशाच्या अर्थकारणाचे अंदाज बांधायचं त्याचं काम. मंगळवारीच तो रेडिओवर बोलला होता आणि सुलेमाने शेजारच्या तीन घरांना तो ऐकवला होता. चिठ्ठी वाचून त्याने ती पालथी घातली आणि पाण्याचा पेला उचलला.

"आत्या, हे कशावरून?" त्याने विचारलं.

"कागदवाल्यावरून," एल्दा म्हणाली. "ब्वेनोस आयरेसचा तो माणूस तीस वर्षं मला साठ दिवसांच्या उधारीवर कागद देतोय. या खेपेला म्हणाला, रोख हवेत आणि डॉलरमध्ये हवेत. वर शरमून मिठाईचा डबा घेऊन आला. कागदवाला मिठाई आणतो म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे जे सांगायची त्याला लाज वाटते."

"एका कागदवाल्यावरून देश बुडवतेस?" रेमो म्हणाला.

"ऐक तर. गव्हाचे व्यापारी करारनामे छापून नेतात. दहा वर्षं एक पेसो म्हणजे एक डॉलर, म्हणून दोन्हीतलं काहीही छापलं तरी चालायचं. या महिन्यात तिघांनी येऊन सांगितलं, पेसो शब्द काढून टाक. आणि ते वस्तूंच्या अदलाबदलीचं मंडळ आहे ना, शाळेच्या मैदानात भरतं ते? मार्चमध्ये त्यांनी दोनशे कूपनं छापून नेली. काल पाच हजारांची ऑर्डर दिली. माझ्या हातून देशाच्या नोटांपेक्षा त्या कूपनांचा कागद जास्त जातोय. लोकांना नोट मिळेनाशी झालीय, रेमो. भाव वाढतील ही भीती नाही या खेपेला. पैसा असेल, पण हाताला लागणार नाही, ही आहे."

दारिओ घसा खाकरून बोलायला लागला. सरकारकडे अजून राखीव साठा आहे, परदेशी कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची बोलणी चालू आहेत, पेसो-डॉलरचं नातं कायद्याने बांधलेलं आहे. तो छान बोलत होता. रेडिओवर बोलला तसाच, त्याच क्रमाने. सुलेमा मान डोलवत होती.

एल्दाने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "तुझा पगार कुठे ठेवतोस रे?"

दारिओने काटा ताटात ठेवला.

"सांग की. आत्याच विचारतेय, रेडिओ नाही."

"मोंतेविदेओला," तो म्हणाला. "नदीपार, दुसऱ्या देशातल्या बँकेत. गेल्या आठवड्यात नेऊन ठेवला."

 कारिनाने खुर्ची मागे ढकलली. सप्टेंबरमध्ये तिने आपलं घर विकलं होतं, नवं घर पंधरा डिसेंबरला ताब्यात मिळणार होतं, आणि मधल्या काळासाठी घराचे एकतीस हजार डॉलर तिने बापाच्या पतसंस्थेत ठेवले होते. नवरा आणि दोन पोरांसह ती सध्या याच छापखान्याच्या माडीवर राहत होती.

"स्वतःचे नदीपार नेऊन ठेवलेस, आणि मला रविवारी फोनवर काय सांगितलंस? 'काळजी करू नकोस.' हेच शब्द होते ना तुझे?"

"कारी, मला बोलायची बंदी आहे. कंपनी..."

"मी बहीण आहे तुझी! की मीसुद्धा रेडिओ ऐकणारी?"

"मी खरं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी बँकांवर झुंबड उडाली असती," दारिओ म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "आमच्या धंद्यात पावसाचा अंदाज सांगितला तर पाऊस पडतो, कारी. गप्प बसलं तर निदान एखादा दिवस लांबतो."

"कधीपर्यंत लांबलाय?" एल्दाने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं ती विचारत होती. "काय होणार ते मला दिसतंय. कधी होणार ते नाही दिसत."

दारिओने तिच्याकडे पाहिलं. "बँका आपसात एका रात्रीच्या उसनवारीला जे व्याज लावतायत ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि मंत्रालयातल्या लोकांना या शनिवारी-रविवारी कामावर बोलावलंय." तो थांबला. "उद्या शुक्रवार. माझ्या मते उद्याचाच दिवस."

"मला आणखी दोन आठवडे वाटले होते," एल्दा म्हणाली. "तुझं बरोबर असणार."

रेमोने मनातल्या मनात हिशेब मांडला. पतसंस्थेच्या तिजोरीत होते जेमतेम चाळीस हजार. बाकीचे साडेतीन लाख रोसारिओच्या एका मोठ्या बँकेत होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून त्यानेच, मोठ्या अभिमानाने, तिथे ठेवले होते.

सुलेमाचा हिशेब सरळ होता. "तिजोरीत चाळीस आहेत ना? मग उद्या सकाळी दार उघडायच्या आधी कारिनाचे एकतीस काढून दे. अध्यक्ष आहेस की कोण आहेस?"

"आणि बाकीचे चारशे?" एल्दा म्हणाली.

"बाकीचे चारशे माझ्या पोटी जन्मले नाहीत. तुला काय, तुला ना मूल ना बाळ. तुला सगळं गाव सारखंच."

हे लागलं. एल्दाने रुमाल उचलून त्याची परत घडी घातली. रेमोने आयुष्यात पहिल्यांदा बायकोला बहिणीपुढे दटावलं, "सुलेमा, पुरे." त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण कारिनाचा चेहरा बघितला आणि पुन्हा त्याचं मन मुलीकडे झुकलं. एकतीस हजार. कोणाला कळणारही नव्हतं.

"रोसारिओला जा," एल्दा म्हणाली. "तू आणि दारिओ. बँक दहाला उघडते, तुम्ही नऊला पायरीवर असा. मिळतील तेवढे सगळ्यांचे आणा."

"गाव तोवर शांत बसेल? तुझ्या ताटांची बातमी संध्याकाळच्या आत चौकात पोचते. उद्या आठ वाजता माझ्या दारात रांग लागेल. पहिल्या पन्नास माणसांत तिजोरी रिकामी!"

"गावाचं मी बघते."

"काय बघणार आहेस?"

"तू रोसारिओचं बघ म्हटलं ना," एल्दा म्हणाली. "जेवा आता. गार होतायत."

संध्याकाळी चौकात रेमोला पाच जणांनी विचारलं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा अबेलार्दो तर दुकानातून बाहेर आला. रेमोने सगळ्यांना सांगितलं, दोन पेसोंची नोट होती, नेहमीसारखी. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे गावाला लहानपणापासून माहीत होतं.

शुक्रवारी ते दोघे पहाटे निघाले. वाटेत बाप-लेक फारसे बोलले नाहीत. बँकेसमोर नऊलाच शंभरेक माणसं होती, म्हाताऱ्या बायका, कामावर न गेलेले कारकून, एक पाद्री. सगळे एकमेकांना सांगत होते की आपण किरकोळ कामासाठी आलोय.

आत शिरायला साडेअकरा वाजले. शाखेचा व्यवस्थापक घामाघूम झाला होता, पण हसत होता. "दोन गिराउदो! एवढी रक्कम असं अचानक कुठून देणार? सोमवारी या, तयार ठेवतो."

"सोमवार नको," रेमो म्हणाला.

"अहो, तुमचा मुलगाच तर मंगळवारी रेडिओवर म्हणाला, घाबरायचं काही कारण नाही. आमच्या काउंटरवर त्याचंच नाव सांगून आम्ही लोकांना परत पाठवतोय."

दारिओ उठून उभा राहिला. काचेपलीकडे रांग दिसत होती, आणि दार उघडंच होतं. "मंगळवारी मी खोटं बोललो," तो म्हणाला, मुद्दाम जरा मोठ्याने. "नोकरी जाईल म्हणून बोललो. आता गेली तरी चालेल. तुम्ही माझ्या वडिलांचे पैसे देताय, की हेच वाक्य मी बाहेर जाऊन रांगेपुढे म्हणू?"

व्यवस्थापकाने उठून आधी दार लावलं. रेमो मुलाकडे बघत राहिला. हा पोरगा सहा वर्षांचा असताना पाटीवर आकडेमोड करून दाखवायचा तेव्हा जसा ऊर भरून यायचा, तसा त्याचा आता आला, आणि डोळे पुसायला त्याने चष्मा काढला. दोन तास घासाघीस झाली. शेवटी एक लाख नव्वद हजार हाती आले. खजिन्यात याहून जास्त नाहीतच, असं व्यवस्थापकाने आईची शपथ घेऊन सांगितलं, आणि रेमोला ते खरं वाटलं.

चार वाजता रेमोने गाडी गावात घेतली. दारं तोडली असतील, कारकून पोरीला कोंडून ठेवलं असेल, असं काय काय त्याच्या मनात येत होतं. रस्ता मात्र ओस होता. दुपारची झोप चालू होती. पतसंस्थेच्या ओसरीत, पाराइसोच्या झाडाच्या सावलीत, एल्दा वेताच्या खुर्चीवर बसून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेतल्या चुका तपासत होती.

रेमो आत गेला. कारकून पोरगी, मिर्ता, भारावून सांगायला लागली. आठ वाजता तीस-पस्तीस माणसं जमली होती. तेवढ्यात एल्दा आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. रांग आपोआप बाजूला झाली. सगळ्यांना वाटलं, ही आता काढणार. तिने डबा काउंटरवर उपडा केला. "अठरा हजार डॉलर, साहेब! शाईचा वास येत होता नोटांना. म्हणाली, माझ्या खात्यात भर. एकेक नोट मोजून घ्यायला लावली मला, घाई नको म्हणाली. मग खुर्ची मागितली आणि तिथे बसली ती अजून उठलेली नाही. जो आला तो तिला बघून परत गेला. बेकरीवाल्याने तर उलट तीनशे भरले."

रेमो ओसरीत आला.  "एल्दा, ते तुझे सगळेच होते?"

"डबा एकच होता माझ्याकडे."

"तुला माहीत होतं काय होणार ते. तरी भरलेस. गावाशी खोटं बोललीस तू."

"तोंडातून एक शब्द काढला नाही." मग तिने चष्मा उतरवला, आणि तिचा चेहरा थकलेला होता. "हो, बोलले. नाहीतर काय झालं असतं? दहा वाजेपर्यंत तिजोरी संपली असती. जवळ राहणाऱ्यांना, धडधाकट पायांच्यांना सगळं, आणि शेतावरच्यांना, म्हाताऱ्यांना काही नाही. किती आणलेस?"

त्याने सांगितलं. तिने मनातल्या मनात आकडे जुळवले. त्यात तिने स्वतःचेही धरले.

"शंभराला साठ पडतात," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखे. बेकरीवाल्याचे कमी पडतील ते माझ्यातून दे. तो माझ्यामुळे फसला."

"तुझे अठरा तुला परत करतो. सकाळची नोंद फाडून टाकू, मिर्ता काही बोलणार नाही."

"मग कारिनाचीही फाड," एल्दा म्हणाली. "आणि सुलेमाच्या बहिणीची. आणि अशी फाडत जा."

 लहानपणी ती त्याला अशीच हरवायची. पण आज हरण्यात त्याला अपमान वाटला नाही.

शनिवारी रात्री दूरचित्रवाणीवरून जाहीर झालं. बँकेतून आठवड्याला फक्त अडीचशे पेसो काढता येतील. बाकीचे आपलेच आहेत, सुरक्षित आहेत, नंतर मिळतील. माडीवर कारिना रडत होती, आणि तिच्या शेजारी सुलेमा बसली होती. रविवारी सकाळी सुलेमा खाली छापखान्यात गेली. दोघी बायका काय बोलल्या ते रेमोला कधीच कळलं नाही. एवढंच की दुपारी एल्दाच्या शाईच्या बोटांना सुलेमा लिंबू चोळून देत होती.

सोमवारी पतसंस्थेने दार उघडलं. साऱ्या जिल्ह्यात त्या दिवशी रोख रक्कम देणारं ते एकमेव दार असावं. रांग चौकाला वळसा घालून गेली होती. रेमो काउंटरमागे बसला, मिर्ता नावं वाचत होती. प्रत्येकाला शंभराला साठ. कोणी शिव्या दिल्या, कोणी त्याचा हात हातात घेतला. एक म्हातारी मेंढपाळीण तर नोटा छातीशी धरून तिथेच बसली. कारिनाचा नंबर त्रेचाळिसावा होता. तिने पैसे घेतले, मोजले, बापाकडे पाहिलं नाही. नवं घर गेलं होतं. ती त्याच्याशी आणखी कित्येक आठवडे बोलणार नव्हती, हे त्याला तेव्हाच समजलं. पण ती रांग मोडून पुढे आली नव्हती.

तिच्यामागे वीसेक माणसांनंतर एल्दा होती. तिला पाहून अबेलार्दोला राहवलं नाही.

"काय एल्दा! पंच्याहत्तर बरोबर, एकोणनव्वद बरोबर, आणि यंदा? सगळं जग काढत होतं तेव्हा तू डबा घेऊन भरायला आलीस!"

रांगेत हशा पिकला. तीन दिवसांत गाव पहिल्यांदा हसलं. बेकरीवाला म्हणाला, "माझे तीनशे हिच्या भरवशावर भरले मी, बघा." आणखी कोणीतरी म्हणालं, "आता भविष्य विचारायला दुसरीकडे जायला हवं." हसणं आणखी वाढलं.

रेमोचा हात थांबला. सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. तुमच्या हातात आज ज्या नोटा आहेत ना, त्या हिच्यामुळे आहेत. तुम्हाला एक अख्खा दिवस हिने स्वतःच्या अठरा हजारांत विकत घेऊन दिला. हिला सगळं माहीत होतं, तुमच्या आधी, सरकारच्याही आधी. पण हे सांगितलं तर पुढचं वाक्य कोणीही बोललं असतं: माहीत होतं, तर आम्हाला का थांबवलंस? एल्दाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि तो पुढच्या नोटा मोजू लागला.

"चुकलं बाबा माझं," ती अबेलार्दोला म्हणाली. "वय झालं. आता नजर पोचत नाही."

आयुष्यभर रेमोने मनातून इच्छा धरली होती की एकदा, निदान एकदा, हिचा अंदाज गावासमोर चुकावा. आता ती गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत घडत होती, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेला तिथे तोच एक होता. 

तिचा नंबर आला. सकाळपासून रेमोने साठ-पासष्ट जणांना पैसे दिले होते, त्यात पाद्री होते, डॉक्टर होते, त्याची स्वतःची मुलगी होती, आणि सगळ्यांना त्याने बसूनच दिले होते. एल्दासमोर तो खुर्ची मागे सारून उभा राहिला. कशासाठी ते न कळूनही मिर्ता उभी राहिली.

"बस खाली," एल्दा पुटपुटली. "लोक बघतायत."

रेमो बसला नाही.